घर सजवायचंय? आधी भिंतीची ओल बघा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पंधरा दिवस राहिले की गोव्यात रंगाऱ्यांचे फोन लागत नाहीत. अख्खा गाव एकदम जागा होतो, तोही भर पावसात, भिंती पाणी पिऊन बसलेल्या असताना. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायच्या आदल्या दिवसापर्यंत ब्रश फिरत असतो. दिवाळीपर्यंत त्याच रंगाचे पोपडे सुटतात आणि मग शिव्या खातो तो रंगारी, नाहीतर रंगाची कंपनी.

मी फोंड्याला राहते. लोकांच्या घरांची आतली कामं करून देते: रंग, कपाटं, पडदे, जुन्या घरांची डागडुजी. अलीकडे बहुतेक गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, पोराबाळांना बाधणार नाही आणि निसर्गालाही त्रास नाही असं काय वापरू?" विचारतात हे चांगलंच. पण डब्यावर हिरवं पान छापलं म्हणजे काम झालं असं नव्हे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकणारं सामान इथे दोन पावसाळ्यांत काळं पडतं, आणि भिंतीवरची ती बुरशी श्वासाला कुठल्याही रंगाइतकीच वाईट. म्हणून सामान निवडताना मी एकच गोष्ट बघते: हे ओल कोंडून ठेवतं की सोडतं? कोंडणारं सामान कितीही 'इको' म्हणवून घेवो, मी ते घरात आणत नाही.

ओल कुठून येते?

रंगाच्या दुकानात जाण्याआधी हे करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, संशय असलेल्या भिंतीवर चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दमटपणा आला तर दोष घरातल्या कोंदट हवेचा. दुसऱ्या प्रकाराला खिडक्या उघडणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणं एवढं बहुतेक वेळा पुरतं. पहिल्या प्रकारात आतून काहीही फासून उपयोग नाही.

मग बाहेर जा आणि भिंतीभोवती एक फेरी मारा, शक्यतो पाऊस चालू असताना. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. अंगणात वर्षानुवर्षं भर घालून माती जोत्याच्या वर आली आहे का? पन्हळ कुठे गळते? वळचणीचं पाणी खाली आपटून भिंतीवर उडतं का? एसीची नळी भिंतीवरच तर सोडलेली नाही ना? फ्लॅट असेल तर भिंतीच्या पलीकडे कोणाचं न्हाणीघर आहे? पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंती सगळ्यात जास्त मार खातात. जुन्या घरांत त्या बाजूला मे महिन्यातच झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. आजही बांधले तर काही बिघडत नाही. स्वस्त आहेत, पावसाळा संपला की आळ्यात टाकता येतात, आणि भिंत कोरडी राहते. लोकांना ते गावंढळ वाटतं, हा भाग वेगळा.

ओल कोंडल्यावर काय होतं ते पर्वरीच्या एका फ्लॅटमध्ये बघायला मिळालं. झोपायच्या खोलीत एका भिंतीला पीव्हीसीची पट्ट्यापट्ट्यांची पॅनेलं लावलेली, दिसायला सागासारखी. घरात शिरलं की ओल्या गोणपाटासारखा वास. नवरा-बायको दोघंही म्हणायचे, गादीचा असेल. मेस्ताने, म्हणजे सुताराने, कोपऱ्यातली एक पट्टी पटाशीने उचकटली तर मागे भिंत दिसेचना. काळी मखमल पसरल्यागत बुरशी, तिच्यात पांढरे गोल ठिपके, पॅनेलच्या मागच्या खाचांत पाण्याचे थेंब, आणि खाली स्कर्टिंगपाशी ओल्या प्लास्टरचा भुगा. बाहेरून एसीच्या कंसाखाली एक केसाएवढी चीर होती, बस्स. ती चीर भरायला एक सकाळ लागली. भिंत सुकायला मात्र अख्खा उन्हाळा द्यावा लागला. व्हिनाइल वॉलपेपर आणि कागद चिकटवलेली जिप्समची खोटी छतं यांचीही हीच गत. कागद हे बुरशीचं आवडतं खाणं.

अशी बुरशी सुक्या झाडूने झाडायची नाही, तिचे कण घरभर उडतात. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, ओल्या फडक्याने पुसायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन भिंत पूर्ण सुकवायची. ब्लीच आणि संडास धुवायचं अॅसिड चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

चुना

तुमचं घर चिऱ्याचं, जुनं, आणि सांध्यांत माती किंवा चुना भरून बांधलेलं असेल तर माझं मत ठाम आहे: आतून बाहेरून चुनाच. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट चढवला की चिऱ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट शोधतं आणि सोबत क्षार घेऊन येतं. भिंतीला लोणा लागतो, हात फिरवला की पिठासारखं पांढरं हाताला येतं. चुन्याच्या थरातून ओल आरपार जाते. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. वास नाही, डोकं चढत नाही. गोव्यात पूर्वी हा चुना शिंपल्या भाजूनच करायचे.

करायचा कसा, तर असा. कळीचा चुना आणा, पुडीतली तयार पावडर नको. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी धरा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. उलटं करू नका, म्हणजे चुन्यावर पाणी ओतू नका; तो उकळून अंगावर उडतो. चष्मा लावलाच पाहिजे, डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घेऊ शकतो. मुलांना आणि कुत्र्याला त्या बाजूला फिरकू देऊ नका. फसफस, वाफ, आवाज थांबला की काठीने ढवळून निदान चोवीस तास मुरू द्या. जास्त मुरला तर अधिक चांगला. मग जाडसर कापडातून गाळा. दहा लिटरला चाळीस ग्रॅम या हिशेबाने डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे कपड्याला चुना लागणार नाही. बरेच जण मीठ घालतात. आपल्या हवेत मीठ ओल ओढतं, म्हणून मी घालू देत नाही. भाताची पेजही नको, ती बुरशीला मेजवानी.

भिंतीवर आधीचा प्लास्टिक पेंट किंवा पुट्टी असेल तर चुना धरणार नाही, ती खरवडून काढावी लागते. कोऱ्या सिमेंट प्लास्टरवर धरतो. लावायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा, हात पातळ ठेवा. पहिला हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि घरचे घाबरतात, "हे काय पाणी फासलंय?" दुसऱ्या दिवशी पांढरा होतो. कोऱ्या भिंतीला तीन हात लागतात. रणरणत्या उन्हात लावू नका, झटकन सुकलेला चुना भुकटी होऊन गळतो. ऑक्टोबर सरल्यावर ते मार्चपर्यंतचा काळ उत्तम. रंग हवा असेल तर लाल काव, पिवळी माती, हे खनिज रंग चुन्यात टिकतात. बाजारातला कुठलाही भडक रंग टाकलात तर काही महिन्यांत उडेल. पांढऱ्या चुन्यावर लाल कावेची कमाल बघायची असेल तर आपल्या जुन्या देवळांतलं कावीचं काम बघा. तिथे वरचा लाल थर कोरून खालचा पांढरा उघडा केलेला असतो आणि पिढ्या गेल्या तरी तो लाल लालच आहे.

फ्लॅटसाठी रंग

सगळ्यांकडे चिऱ्याची भिंत नाही. सिमेंट-पुट्टीच्या फ्लॅटमध्ये पाण्यात मिसळणारा, कमी व्हीओसीचा इमल्शन घ्या. व्हीओसी म्हणजे रंग सुकताना हवेत उडणारी रसायनं. नव्या रंगाचा वास येतो तो बराचसा त्यांचाच. दुकानदाराला 'इको आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. त्या रंगाचं तांत्रिक माहितीपत्रक मागा आणि लिटरमागे किती ग्रॅम व्हीओसी लिहिलंय ते बघा. सीआयआय या उद्योगांच्या संघटनेचं ग्रीनप्रो प्रमाणपत्र असलं तर निदान कोणीतरी तपासलंय. आणि एक खोच: पांढरा बेस कमी व्हीओसीचा असला तरी मशीनवर गडद छटा बनवताना त्यात ओतलेल्या रंगद्रव्यात वेगळी रसायनं असू शकतात. फिक्या छटा घेतल्या तर हा प्रश्न कमी होतो, खोलीही उजळते.

दारं-खिडक्यांना ऑइल पेंट लावायची सवय आहे आपल्याला. टर्पेंटाइनचा वास घरात आठवडाभर घुटमळतो. आता पाण्यातला इनॅमलही मिळतो. थोडा महाग आहे, पण मुलांच्या खोलीत तोच लावा. बाळंतीण घरी यायची असेल तर रंगकाम महिना-दीड महिना आधी आटपा आणि खिडक्या सताड उघड्या ठेवा. आदल्या आठवड्यात खोली गुलाबी करून त्यात पाळणा टांगायची हौस नको.

खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये आणलेल्या शेणाच्या 'प्राकृतिक पेंट'बद्दल खूप विचारणा होते. शेणाचा वास येत नाही, आतल्या कोरड्या भिंतीला लावायला हरकत नाही. ओल्या भिंतीवर त्याचेही पोपडेच निघतील. शेणाचं म्हणून चमत्कार होत नाही.

जुन्या घराची खिडकी घासायला काढाल तेव्हा मात्र थांबा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, आणि ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं भरपूर असू शकतं, आणि जुन्या खिडक्यांवर असे पाच-सहा थर सहज असतात. सुका पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मारला की ती धूळ घरभर. पाणी मारून ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, पोपडे गोळा करून बांधून टाका, झाडू नका. मुलं आणि गरोदर बायका त्या दिवसांत दुसरीकडे. पडवीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दलही तेच. त्यांतले पुष्कळसे अॅस्बेस्टॉसचे आहेत. शेवाळ तारेच्या ब्रशने घासणं, भोक पाडणं, करवत चालवणं बंद. चांगले असतील तर न छेडता राहू द्या.

लाकूड, प्लाय आणि वाळवी

घरातल्या वासाचा मोठा वाटा कपाटांचा असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्वस्त पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि साधा प्लाय यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं, उष्ण आणि दमट हवेत जास्तच. म्हणजे गोव्यात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्याचमुळे. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा घ्या; त्याचा फिनॉलचा गोंद ७२ तास उकळूनही सुटू नये अशी चाचणी असते आणि तो वायूही बराच कमी सोडतो. बोर्डावर ई-वन किंवा ई-झीरो, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारा, असं लिहिलंय का बघा. मेस्ताला सांगून कापलेल्या सगळ्या कडा, मागच्या बाजूच्या आणि बिजागरीच्या भोकांच्याही, बंद करून घ्या. कडा उघड्या ठेवून दर्शनी बाजूला चकचकीत लॅमिनेट लावण्यात अर्थ नाही.

पण माझी पहिली पसंती जुन्या लाकडाला. गावागावात जुनी घरं पाडतात तेव्हा फणसाचे, किंदळीचे, सागाचे वासे आणि दारं कवडीमोलाने जातात. ते लाकूड शंभर पावसाळे बघून बसलेलं असतं, आता ना वाकणार ना फुगणार. विकत घेताना सुरीचं टोक खुपसून बघा, सहज आत गेलं तर पोकळ. खिळे काढून घ्या, नाहीतर करवतवाला तुमचा उद्धार करील. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, भुंगे आधी तिकडेच वळतात.

वाळवी हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. वारुळाची सातेरी देवी म्हणून पूजा करणारी माणसं आपण, पण देवघराची चौकट तिने खाल्ली की तीच माणसं जहाल औषधाचे कॅन घेऊन धावतात. त्याआधी एवढं करा: लाकूड थेट जमिनीला टेकू देऊ नका, खाली चिरा किंवा दगड द्या, भिंतीवर मातीची नळी दिसली की लगेच मोडा आणि ती कुठून आली ते शोधा. वाशांना आणि न दिसणाऱ्या भागांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत चांगली आहे. हातमोजे हवेतच, ते तेल कातडी भाजतं. दिसणाऱ्या फर्निचरला लाखेचं पॉलिश, पण कोरड्या दिवसांत. पावसात केलं तर पांढुरकं धुकं धरतं. अळशीचं तेलही छान, मात्र हात अगदी पातळ. जाड थर चिकट राहतो आणि त्यावर बुरशी येते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सुकवलेला असेल तर भुंगा लागत नाही, पण पावसात उघडा राहिला तर ते औषध धुऊन जातं. आतल्या पडद्याला, टोपलीला, दिव्याच्या छत्रीला बांबू. उघड्या बल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याला, नाही.

'नैसर्गिक' म्हणून डोळे मिटून घेऊ नका

खिडक्यांत काचेऐवजी बसवायच्या शिंपल्यांचं उदाहरण घ्या. जुन्या घरांतल्या त्या दुधी उजेडाला तोड नाही, मान्य. हल्ली दिवे, पार्टिशन, ट्रे, सगळ्याला त्या हव्या असतात. पण ज्या प्राण्याच्या त्या शिंपल्या, तो आता कायद्याने संरक्षित आहे. चिखलीच्या खाडीत तो अजून जगून आहे. म्हणून नव्या शिंपल्या मागू नका. मोडलेल्या खिडक्यांतल्या जुन्या मिळतात, त्या वापरा. चिऱ्याचंही तसंच. सोडून दिलेल्या चिरेखाणी पावसात भरतात आणि दरवर्षी कुणाचं तरी पोर त्यात बुडाल्याची बातमी येते. नुसत्या शोभेसाठी भिंतीला चिऱ्याचे काप लावायचे असतील तर पाडलेल्या घराचे चिरे कापून घ्या.

जमिनीबद्दल थोडक्यात. लाल ऑक्साइडची जुनी जमीन असेल तर तिच्यावर टाइल्स चढवू नका. भेग भरून, धुऊन, खोबरेल तेलाचा हात फिरवला की ती उजळते. व्हिनाइलचा रोल अजिबात नको. शेणाचं सारवण अंगणात, घरात आता कुणी रोज करणार नाही हे आपल्याला माहीत आहे.

कापडाला सुती, विणीला सैल आणि रंगाला फिकं निवडा, म्हणजे धुऊन एका उन्हात सुकतं. जाड मखमली पडदे म्हणजे धूळ आणि ओल साठवायची पिशवी. कुणबी चौकड्याचं हातमागाचं कापड पडद्याला सुंदर दिसतं, तेवढंच विणकराच्या पदरात काही पडतं. यंत्रमागाची नक्कल हातात घेतली की कळते, फार गुळगुळीत असते. उशीत सावरीचा कापूस, गादीत काथ्या किंवा कापूस. पावसाळा संपताच आणि मे महिन्यात एकेकदा सगळं कडक उन्हात टाका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चटया, टोपल्या, मातीची भांडी मिळतात. घेताना नाकाजवळ धरा. ओलसर वास आला तर तो घरी नेऊन जाणार नाही.

आता चवथीची सजावट. माटोळीत निसर्गाचं सगळं आलंय, तिथे काही सांगायला नको. गडबड होते ती मखरात. थर्माकोल, चमकीचे कागद, स्प्रे पेंट, आणि बंद खोलीत दिवसभर धूप-कापूर. स्प्रे अंगणात मारा, निदान. मखर लाकडाच्या पट्ट्यांचं, सुटं होणारं करून घ्या. त्यावर दरवर्षी वेगळी साडी लावली की नवं दिसतं आणि उरलेलं वर्ष माळ्यावर मावतं. पीओपीच्या मूर्तीला गोव्यात बंदी आहेच, तेव्हा चिकणमातीची मूर्ती सांगायला आषाढातच जा, नंतर हवी तशी मिळत नाही. आणि रंगाऱ्याला त्याच फेरीत सांगून ठेवा: चवथीला नको, दिवाळी झाल्यावर ये.